फिट्सच्या गोळीसाठी न्यूरॉलॉजिस्टच कशाला हवा?

रानमेवा:
जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार आहे. त्यातले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. वेळेवर निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स थांबू शकतात. फेनोबार्बिटोन हे फिट्सचं औषध १९१२ पासून वापरात आहे आणि मातीमोल भावात मिळतं. तरी आमच्या गावात अजून चप्पल हुंगवतात, कारण "न्यूरॉलॉजिस्टला (मेंदूच्या तज्ज्ञाला) दाखवा" म्हणजे शहराची खेप आणि दिवसाची मजुरी बुडाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातच गोळी सुरू करा, असं माझं स्पष्ट मत.

खडूस_काका:
सावकाश! माझी भाची प्रार्थनेला उभी असताना कोसळायची. फिट समजून दोन वर्षं गोळ्या दिल्या, पोर वर्गात पेंगायची. निघाली साधी भोवळ. आणि व्हॅल्प्रोएट, ते फिट्सचं दुसरं औषध? तरुण मुलीला ते सरसकट देता येत नाही, पुढे गरोदरपणात बाळाला व्यंगाचा धोका असतो. हे गावात कोण बघणार?

रानमेवा:
पाहणाऱ्याला नीट विचारलं तरी बरंच कळतं. अंग ताठ होऊन झटके आले का, जीभ कडेला चावली गेली का, नंतर किती वेळ गुंगी होती? भोवळ आलेला माणूस आडवा केला की बहुधा मिनिटभरात भानावर येतो. आता तर मोबाईलवर व्हिडिओही काढता येतो. एमबीबीएस डॉक्टरला एवढं शिकवणं काय अवघड आहे? अडलेली केस पाठवा की पुढे.

सुईदोरा:
तुमचं डॉक्टरवरून चाललंय, मी माझं सांगते. मलाही फिट्स येतात, लग्नात घरच्यांनी ते लपवलं. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार नसावा ही अट गेली, पण स्थळं बघणाऱ्यांच्या डोक्यातून नाही. गोळ्या मी शिलाईच्या डब्यात, रिळांखाली ठेवायचे. पहिली मंगळागौर, रात्रभर फुगड्या, झिम्मा. डबा खोलीत, खोलीत पाहुण्या. गोळी राहिली. पहाटे फिट आली ती सगळ्यांसमोर. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई नाकाशी कांदा धरून बसलेल्या.

खडूस_काका:
वाईट वाटलं वाचून. पण ताई, जागरणानेही फिट येऊ शकते हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं? घाईत गोळी लिहून देणारा हे सांगत नाही. म्हणूनच म्हणतो, तज्ज्ञ हवा.

सुईदोरा:
काका, माझी गोळी न्यूरॉलॉजिस्टनेच लिहिलेली होती. जागरणाचं मला आमच्या आशाताईंनी सांगितलं, तेही मंगळागौर होऊन गेल्यावर.