परसातून आकाश पाहण्यासाठी स्वस्तातला प्रकाशरोधक पडदा कसा करावा?

मृग_सांगली:
नमस्कार. सांगलीत विश्रामबागेतल्या घराच्या परसात मी १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण लावतो. नेमक्या दक्षिणेला, सुमारे २० मीटरवर, ८ मीटर उंचीच्या खांबावर पांढरा एलईडी पथदिवा आहे; पूर्वेला शेजाऱ्यांच्या जिन्यातला दिवा रात्रभर चालू असतो. नेत्रिकेवरून डोळा काढला की दिवा समोर येतो आणि अंधाराला सरावलेली नजर जाते. ती पूर्ववत व्हायला पुन्हा २०-३० मिनिटे लागतात. हिरवी शेडनेट दुहेरी बांधली, तर जाळीच उजळून निघते. दोन हजारांच्या आत, काढता-घालता येईल असा पडदा कशाचा आणि किती उंच करावा? अगस्त्य तारा आणि उन्हाळ्यात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पाहायचा असल्याने दक्षिण पूर्ण झाकता येणार नाही.

द्राक्षबाग_तासगाव:
शेडनेट ऊन कमी करण्यासाठी असते, अंधार करण्यासाठी नव्हे. ७५ टक्क्यांची जाळी चौथा हिस्सा प्रकाश आत सोडते, दुहेरी केली तरी साधारण सोळावा हिस्सा येतोच, आणि जवळच्या एलईडीपुढे तेवढाही पुष्कळ होतो. आमच्या भागात शेततळ्याला अस्तर घातल्यावर ५०० मायक्रॉनच्या काळ्या प्लास्टिक कागदाचे तुकडे उरतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडे ते बहुधा फुकट मिळतील. त्यातून प्रकाश येत नाही आणि वजन चौरस मीटरला अर्ध्या किलोच्या आसपास भरते. मात्र तो गुळगुळीत असल्याने चकाकतो, म्हणून आपल्याकडच्या बाजूला मंडपवाल्याकडचे जुने काळे कापड लावावे. मल्चिंग पेपरच्या (पिकाभोवतीची माती झाकायच्या प्लास्टिकच्या) वाटेला जाऊ नये. तो पातळ असतो, वाऱ्यात रात्रभर फडफडतो आणि त्याची चंदेरी बाजू दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांवर चमकते. कोणतेही कापड घेण्यापूर्वी मागून मोबाइलचा टॉर्च टेकवून पाहावे.

सातारकर_खगोल:
उंचीचे गणित सोपे आहे. खुर्चीवर बसल्यावर डोळा १.१ मीटरवर धरला, तर दिवा त्याच्यापेक्षा ६.९ मीटर वर, म्हणजे क्षितिजापासून १९ अंशांवर दिसतो. पडदा दीड मीटरवर असेल तर १.१ + १.५ × ६.९ ÷ २०, म्हणजे १.६२ मीटर उंची पुरते; तोच ३ मीटरवर नेला तर २.१ मीटर लागते. पडदा डोळ्याजवळ असेल तितका तो लहान, स्वस्त आणि वाऱ्याला कमी सापडणारा होतो, त्यामुळे कुंपणावर उंच भिंत उभारण्याचा खटाटोप मला निरर्थक वाटतो. अर्थात पडदा थेट चकाकी अडवतो; शहरावरचा आकाशातला उजेड त्याने कमी होत नाही.

अडचण अगस्त्याची आहे. सांगलीहून तो जास्तीत जास्त २० अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे दक्षिणेला असताना तुमच्या दिव्याच्या अगदी शेजारी. शिवाय दुर्बीण इतकी खाली वळवली की तिचे तोंड डोळ्याच्या बसल्या उंचीपेक्षाही खाली जाते आणि पडदा तिलाच आडवा येतो. म्हणून पडदा सलग न करता तीन उभ्या पट्ट्यांचा करावा, पट्ट्या वीतभर एकमेकींवर याव्यात आणि सांगाड्याच्या आडव्या नळीला आकड्यांनी अडकवाव्यात. फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास अगस्त्य रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेला असतो. त्यानंतर तासाभराने तो जेमतेम अंशभर उतरतो, पण पश्चिमेला नऊ-दहा अंश सरकतो. तेव्हा पश्चिमेची पट्टी काढावी. दिव्यासमोरची तशीच राहते. ओमेगा सेंटॉरी साडेपंचवीस अंशांपर्यंत चढत असल्याने तिथे इतकी कसरत पडणार नाही, पट्टी मात्र तिच्यासाठीही काढावी लागेल.

मृग_सांगली:
अत्यंत आभारी आहे. पट्ट्यांची कल्पना पटली. पण सांगाडा वाऱ्यात कसा टिकवावा?

मिरजेची_रेवती:
२ मीटर रुंद आणि १.६ मीटर उंच पडद्यावर ताशी २० किलोमीटरचा वारा सुमारे सात-आठ किलोचा रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तेव्हा पडदा उतरवून ठेवणेच शहाणपणाचे. १२ मिलिमीटरच्या मीटरभर लांबीच्या सळया अर्ध्या जमिनीत ठोकून त्यांवर पीव्हीसी नळ्या बसवाव्यात. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, म्हणून आदल्या संध्याकाळी तिथे बादलीभर पाणी ओतावे. दक्षिण आणि पूर्व हे दोन सांगाडे काटकोनात जोडले तर एकमेकांना आधार देतात. पट्ट्यांचे खालचे टोक घट्ट बांधू नये, कपड्यांच्या चिमट्याने अडकवावे, म्हणजे झोत आला की चिमटा सुटतो आणि सांगाडा वाचतो.

पथदिव्यावर स्वतः काहीही बांधू नका. तिथे विजेचा धोका आहे. दिव्याला आडोसा लावून मिळावा असा लेखी अर्ज महापालिकेकडे करता येतो. जिन्यातल्या दिव्याचा प्रश्न तर बोलूनच सुटेल. कोणी आले की लागणारा सेन्सरचा बल्ब तुम्हीच शेजाऱ्यांना आणून दिलात, तर पूर्वेचा सांगाडा कदाचित लागणारही नाही. मग दक्षिणेच्या सांगाड्याला मागून दोरीचा ताण द्यावा.