मदत हवी आहे: क्रशरचा शाफ्ट परत तुटला, आता कुठला ग्रेड घालू?

गुऱ्हाळ_करवीर
मंडळी, गुऱ्हाळ बंद पडलंय. शाफ्ट परत तुटला. तोडलेला ऊस दारात पडून आहे, वाळला की उतारा घटणार. उद्यमनगरात एक जण म्हणतो ईएन ८ ग्रेडचं स्टील घाल, दुसरा ईएन ९, तिसरा थेट ईएन २४. जास्त कडक लोखंड घातलं की तुटायचं थांबेल ना? लवकर सांगा.

शिरोली_लेथ
शाफ्ट किती एमएमचा? कुठं तुटला, चावी बसते त्या खाचेत का बेअरिंगजवळ? आधीचं मटेरियल काय? यातलं काहीच लिहिलं नाहीस भावा, ग्रेड कशावरनं सांगायचा?

गुऱ्हाळ_करवीर
साधा शाफ्ट आहे हो, सगळ्यांच्या क्रशरला असतो तसलाच. दुकानदारानं चांगलं मटेरियल म्हणून दिलेला.

पन्हाळा_रोड
डोळे झाकून ईएन २४ घाला. आमच्या ट्रॉलीची पिन त्याचीच आहे, वाकत नाही का तुटत नाही.

फौंड्री_कट्टा
ट्रॉलीची पिन आणि दिवसभर फिरणारा शाफ्ट यात फरक आहे. ईएन २४ कार्बन स्टील नाहीच, त्यात निकेल, क्रोम, मॉलिब्डेनम असतं. त्याचा भाव द्यायचा आणि हार्डनिंग-टेंपरिंग (तापवून कडक करणं, मग परत थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं) नीट करायचं नाही, तर पैसे पाण्यात.
साध्या कार्बन स्टीलचं बोलू. एमएस म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये कार्बन साधारण ०.२ टक्के. ईएन ८ मध्ये ०.३६ ते ०.४४, सी ४५ मध्ये ०.४२ ते ०.५०, ईएन ९ मध्ये ०.५० ते ०.६०. सी ४५ मधला ४५ म्हणजे ०.४५ टक्के कार्बन, पण ईएनच्या पुढचा ८ किंवा ९ नुसता क्रमांक आहे. कार्बन वाढला की ताकद वाढते, चिवटपणा कमी होतो. क्रशरला गाठाळ ऊस अडकून हिसके बसतात, तिथं चिवटपणा पाहिजेच.

कागल_कोयता
कोयत्याला मात्र जुन्या ट्रकच्या पाट्यासारखं लोखंड नाही. धार टिकते.

शिरोली_लेथ
दादा, इथं शाफ्टचं चाललंय.

पन्हाळा_रोड
पण शाफ्ट लवतो म्हणूनच तुटतो. कडक घातला की लवणार नाही.

फौंड्री_कट्टा
नाही. लोडखाली किती लवायचं ते ग्रेडवर नाही, जाडीवर ठरतं. एमएस काय, ईएन २४ काय, तेवढ्याच जाडीला जवळपास तेवढंच लवणार. व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर लवणं जवळजवळ एक तृतीयांश कमी होतं. ग्रेडमुळं बदलतं ते एवढंच, की कायमचा वाकायच्या आधी किती भार सोसेल.
@गुऱ्हाळ_करवीर, तुटलेलं तोंड कसं दिसतंय ते सांगा. त्याच्याशिवाय सगळ्या गप्पा आहेत.

गुऱ्हाळ_करवीर
आत्ता बघितलं. ७५ एमएम आहे. बेअरिंगजवळ जिथं जाडी बदलते, अगदी त्याच कोपऱ्यात तुटलाय. कडेला गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तसल्या रेषा, मधे खरबरीत. बेअरिंगची जागा झिजलेली, ती वर्कशॉपवाल्यानं वेल्डिंगनं भरून टर्निंग करून दिलेली.

शिरोली_लेथ
हे पहिल्यांदाच सांगायचं होतंस की! रेषा म्हणजे चीर हळूहळू वाढत गेलीय, एका हिसक्यात तुटलेला नाही. ईएन ८ सारखं मटेरियल आधी न तापवता भरलं, की वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो. त्यात कोपरा धारदार. तिथनंच चीर सुटली. ईएन ९ घालून परत तसाच भरलास तर आणखी लवकर जाईल.
नवा ईएन ८ घाल. स्टेपला, म्हणजे जाडी बदलते त्या कोपऱ्याला, गोलाई ठेव, बेअरिंगच्या कोपऱ्याला अडणार नाही एवढी. टूलचे ओरखडे राहू देऊ नको, पॉलिश पेपर मार. पुढं जागा झिजली तर भरू नको, शाफ्ट बदल.

पन्हाळा_रोड
आणि दुकानदारानं एमएस गळ्यात मारला तर? दिसायला सारखंच.

फौंड्री_कट्टा
ग्राइंडरला लावा. एमएसच्या ठिणग्या लांब आणि साध्या जातात, ईएन ८ च्या टोकाला फुटतात. खात्री पाहिजे तर तुकडा कापून स्पेक्ट्रो (कुठला घटक किती टक्के ते दाखवणारी तपासणी) करून घ्या.

गुऱ्हाळ_करवीर
दुकानात ७५ मध्ये ईएन ८ संपलाय, सी ४५ आहे म्हणतो. घेऊ का?

शिरोली_लेथ
घे, चालतंय. टेस्ट सर्टिफिकेट माग, आणि त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या ओतलेल्या घाण्याचा नंबर) बारवर मारलेल्या नंबराशी जुळवून बघ.