लीगल एडच्या (मोफत कायदेशीर मदतीच्या) डिफेन्स काउन्सेल निवडीत इंटरव्ह्यूनंतर कटऑफ लावला, काही करता येईल का?

तापीकाठचा_वकील
नमस्कार मंडळी. जिल्ह्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, खान्देशातलाच आहे एवढं पुरे, बार लहान आहे आणि उद्या परत त्याच कोर्टात उभं राहायचंय. आमच्याकडे लीगल एड चालवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने डिफेन्स काउन्सेल, म्हणजे आरोपींना फुकट मिळणाऱ्या वकिलांच्या ऑफिससाठी जाहिरात काढली, चीफ, डेप्युटी, असिस्टंट अशी पदं. मी डेप्युटीला फॉर्म भरला. जाहिरातीत फक्त इंटरव्ह्यू लिहिलेला, किमान मार्क वगैरे कुठेच नाही. इंटरव्ह्यू झाला, मग यादी लागली आणि यादीखाली एक ओळ की ठरावीक मार्कांच्या खालचे उमेदवार विचारात घेतले नाहीत. आता हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, कोणाला किती मार्क पडले, काहीच सांगत नाहीत. निवडलेल्यांतले एक वकील तर मी क्रिमिनल साईडला कधी बघितलेच नाहीत, सगळी भूसंपादन नाहीतर मोटर अपघाताची कामं. बाररूममध्ये चहा पिताना सगळे बोलतात पण सही करायची म्हटलं की सगळ्यांना तारखा आठवतात. ऑफिसात विचारलं तर उत्तर, कॉन्ट्रॅक्टचं काम आहे, हक्क कसला मागताय. खरंच सोडून द्यायचं का?

जळगावचे_काका
वकीलसाहेब, त्यांचं निम्मं बरोबर आहे. नेमणूक मिळालीच पाहिजे असा हक्क तुम्हाला नाही, सरकारी वकिलांच्या बाबतीत जोहरी मल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2004 लाच सांगून ठेवलंय की पॅनेलवर राहण्याचा किंवा मुदतवाढीचा हक्क नसतो. पण 2016 ला पंजाबच्या ब्रिजेश्वर सिंग चहल केसमध्ये हेही सांगितलं की सरकारी वकील नेमताना पद्धत पारदर्शक आणि वाजवी हवी, मर्जीचा कारभार नको. म्हणजे भांडण "माझं नाव का नाही" यावर करू नका, तिथे कोर्ट दोन मिनिटात उठवून लावेल. भांडण पद्धतीवर करा.

कटऑफचा मुद्दा तुमचा सगळ्यात जड आहे. नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेज प्रकाश पाठक केसमध्ये भरती सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत हे पक्कं केलं. कटऑफ लावायचा तर भरती सुरू होण्याआधी ठरवा, आणि मधल्या टप्प्यावर ठरवायची मुभा नियमात किंवा जाहिरातीत असेल तर तो टप्पा यायच्या आधी ठरवा. इंटरव्ह्यू घेऊन झाल्यावर नाही. समोरचा म्हणेल ती नोकरभरतीची केस, हे मानधनाचं काम, त्याची तयारी ठेवा. आणि "नुसता इंटरव्ह्यूच का घेतला" हा मुद्दा आता काढू नका, जाहिरात वाचून तुम्ही जाऊन बसलात ना, तो दरवाजा बंद. कटऑफ मात्र तुम्हाला माहीतच नव्हता.

आरटीआय_धुळे
सगळ्यात आधी कागद हातात घ्या भाऊ. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज. निवड समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त, कटऑफ ठरवल्याची तारीख, गुणतक्ता. खाजगी माहिती आहे म्हणून नाकारतील, तेव्हा मुंबई हायकोर्टाचा नोव्हेंबर 2024 चाच निकाल जोडा, पुणे जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिक भरतीतले इतर उमेदवारांचे मार्क द्यायला सांगितलेत त्यात. तीस दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "का निवडलं नाही" असा प्रश्न अर्जात विचारू नका, का ला उत्तर देत नाहीत, कागद मागा.

शिरपूरकर
मी पॅनेलवाला, म्हणजे लीगल एडच्या यादीवरचा केसगणिक काम करणारा वकील, म्हणून थोडं कडू बोलतो. डेप्युटीला सात वर्षं आणि चीफला दहा वर्षं क्रिमिनल प्रॅक्टिस, चीफने सेशन कोर्टात किमान तीस ट्रायल चालवलेल्या हव्यात, हे नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) 2022 च्या स्कीममध्येच छापलंय. मग ट्रायलची यादी तपासली कोणी? ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर वकिलाच्या नावाने केसेस निघतात, अर्ध्या तासाचं काम आहे, ते न करता पाच मिनिटांच्या गप्पांवर मार्क द्यायचे म्हणजे मग चर्चा होणारच. त्यात ही स्कीम आल्यापासून आम्हा पॅनेलवाल्यांकडे आरोपीच्या केसेस जवळपास येतच नाहीत, राहिलं काय तर पोटगी, दिवाणी, नाहीतर दोन आरोपींचं हित आपसात भिडलं तर त्यातला एक. त्याचंही बिल निघता निघता वर्ष जातं. तरी एक मान्य, फुलटाईम वकील खाजगी केस घेऊ शकत नाही म्हणून आरोपीकडे निदान लक्ष राहतं. आमच्यातले काही लोक लीगल एडची फाईल तारखेच्या दिवशीच उघडायचे, खोटं कशाला बोलू.

सातपुड्याची_पीएलव्ही
मी वकील नाही, धडगाव भागात पीएलव्ही, म्हणजे लीगल एडची स्वयंसेवक म्हणून काम करते. तुमचं भांडण बरोबर असेल दादा पण मला एक सांगा, इंटरव्ह्यूत कोणी विचारलं का की पावरी किंवा भिली ही आदिवासी भाषा येते का? आमच्याकडचा माणूस आत गेला की त्याला मराठीच धड समजत नाही, वकील येतो, सही घेतो, जातो. आदिवासी असेल तर उत्पन्नाची अट नाही, कस्टडीत असेल तरी नाही, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे, म्हणजे वकील फुकट मिळतोच, पण मिळालेल्या वकिलाशी बोलणार कोण? घरचे मला फोन करून विचारतात आमचा वकील कोणता. गुणतक्ता मागवाल तेव्हा भाषेला किती मार्क होते तेही बघा.

शिरपूरकर
खरं शे ताई. जाहिरातीत संवादकौशल्य लिहितात आणि तपासतात इंग्रजी.

तापीकाठचा_वकील
सगळ्यांचे आभार, ताईंचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. काका, आरटीआयचं उत्तर येईपर्यंत थांबू का? तोवर हे लोक रुजू होतील आणि मग कोर्ट म्हणेल आता उशीर झाला.

जळगावचे_काका
थांबू नका. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती नावं काढते पण शेवटची मंजुरी राज्य प्राधिकरणाच्या कार्याध्यक्षांची लागते. ती झाली का आधी बघा. नसेल झाली तर आजच त्यांच्याकडे निवेदन पाठवा, दोन पानांच्या वर नको, कोणावर वैयक्तिक आरोप नको, त्या भूसंपादनवाल्यांचं नाव तर अजिबात नको, फक्त जाहिरात, यादीखालची ती ओळ आणि मार्क जाहीर करण्याची मागणी. पोच घ्या. झाली असेल तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका, धुळे जळगाव नंदुरबार तिन्ही तिकडेच येतात. आणि निवड झालेल्यांना याचिकेत प्रतिवादी करायला विसरू नका, बारमधले मित्र आहेत म्हणून लोक त्यांना सोडतात आणि त्याच कारणावर पिटीशन उडतं. करार दोन वर्षांचा असतो, पुढे वर्षवर्षाने वाढतो, म्हणजे सहा महिने घरी बसून विचार केलात तर हातात घेण्यासारखं काही उरणार नाही.

आरटीआय_धुळे
अर्जाचा मसुदा लागला तर मेसेज करा, भाषेच्या मार्कांचा कॉलम टाकून देतो.