शब्दचर्चा: 'हाय-गेन अँटेना अ‍ॅरे'मधल्या 'गेन'ला काय म्हणावं?

प्रश्न: मिलिमीटर लहरींच्या अँटेनांवर मराठीत लेख लिहितोय. 'हाय-गेन अँटेना अ‍ॅरे'साठी 'उच्च वर्धन आकाशक सरणी' असं लिहिलं. मसुदा वाचून मित्राने विचारलं, "म्हणजे हा अँटेना सिग्नल वाढवतो का?" माझा शब्द चुकला का?

उत्तर: 'वर्धन' चुकलं, मित्राची शंका रास्त आहे. वाढवतो तो अ‍ॅम्प्लिफायर, त्याला वेगळी वीज लागते. अँटेना मिळालेली शक्ती एका दिशेला एकवटतो, एवढंच. पुढचं डोकं फिरवून झोत लहानमोठा करता येतो, तशी बॅटरी (टॉर्च) भिंतीवर मारून बघा. मोठा फिकट गोल फिरवत फिरवत लहान आणि लख्ख होतो. सेल तेच, बल्बही तोच. म्हणून 'बीम'ला मी 'शलाका' न म्हणता 'झोत' म्हणतो.

'गेन'ला 'लाभ' लिहा. हा शब्द मला मनापासून पटतो, कारण त्यात हिशेब आहे. झोत किती एकवटला ती 'दिशिकता'. तिच्यातून अँटेनात आणि त्याच्या जोडण्यांत उष्णता होऊन गेलेली शक्ती वजा केली की हाती उरतो तो लाभ. मिलिमीटर लहरींत ही वजाबाकी फार जड जाते. 28 गिगाहर्ट्‌झला लहरीची लांबी 10.7 मिलिमीटर. घटक, म्हणजे संचातले छोटे छोटे अँटेना, एकमेकांपासून अर्ध्या लहरीवर, म्हणजे 5.35 मिलिमीटरवर मांडले, तर 16 × 16 चा संच जेमतेम साडेआठ सेंटिमीटरच्या चौरसात बसतो. एका घटकाच्या दिशिकतेच्या साधारण 256 पट, म्हणजे 24 डेसिबल जास्त दिशिकता मिळते. पण 256 घटकांपर्यंत शक्ती पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांत 3 डेसिबल गेले, तर निम्मी शक्ती तिथेच संपली. दिशिकता तीच, लाभ निम्मा. 'वर्धन' लिहिलंत तर वाचकाला हा फरक कधीच कळणार नाही.

प्रश्न: पटलं. 'सरणी' ठेवू? आणि 'फेज'?

उत्तर: 'सरणी' म्हटलं की मराठी माणसाला विचारसरणी आठवते. 'व्यूह' घ्या. व्यूहात प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि सगळे मिळून एक काम करतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत, तोही व्यूहच. फक्त तिथे लहरी मीटरच्या मापाच्या आणि आकाशातले बारीक तपशील टिपायला तबकड्या लांब लांब ठेवाव्या लागतात, म्हणून तो मैलोन्‌मैल पसरलाय आणि तुमचा तळहातावर मावतो.

'फेज'ला, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या फेऱ्यात कुठवर आली त्याला, 'कला' लिहा, चंद्राच्या कलांमधली. घटकांना दिलेल्या कला बदलल्या की काहीही न हलवता झोत वळतो. 28 गिगाहर्ट्‌झला हवेतल्या वाटेत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी कला जवळजवळ 34 अंशांनी सरकते. तांब्याच्या पट्टीवर तर त्याहून जास्त, कारण तिथे लहर आखूड होते. लेखात हा आकडा जरूर द्या. 'आकाशक' मात्र एकदाच, ओळखीपुरता लिहा आणि पुढे 'अँटेना' चालू द्या. गच्चीवरच्या दांड्यालाही आपण तेच म्हणत आलोय.