आइस्क्रीमच्या डब्याचे वेष्टन बदलायचे आहे: दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची मते जुळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. मुलुंडला आमचा आइस्क्रीमचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. हापूस, सीताफळ आणि शहाळे या तीन स्वादांचे अर्ध्या लिटरचे डबे आम्ही दादरपर्यंतच्या दुकानांना देतो. नवे वेष्टन छपाईला टाकण्यापूर्वी आम्ही दुकानांत उभे राहून विक्री पाहिली, दुकानदारांशी बोललो आणि काही नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या घरीही गेलो.

आमची सगळी छपाई डब्याच्या बाजूवर आहे. डीप फ्रीझरची काच मात्र वर असते, त्यामुळे दिसते ते केवळ कोरे पांढरे झाकण. घाटकोपरच्या एका दुकानात एक बाई सीताफळ शोधण्यासाठी एकेक डबा उचलून त्यावरचा बर्फ अंगठ्याने खरवडत होत्या आणि दुकानदार "ताई, काच लावून घ्या" असे दोनदा म्हणाले. त्यांचे बरोबरच होते, कारण मुंबईची दमट हवा आत शिरली की बर्फ साचतो, आणि उणे १८ अंशांवर राहायला हवे ते आइस्क्रीम थोडे विरघळून पुन्हा गोठले की खरखरीत लागते.

म्हणून दुकानदारांना चौकोनी, एकावर एक नीट बसणारा डबा हवा आहे आणि स्वादाचे नाव व तारीख झाकणावर हवी आहे. घरोघरी मात्र गोल डबाच हवा, कारण आइस्क्रीम संपल्यावर त्यात ओले खोबरे नाहीतर इडलीचे पीठ ठेवले जाते. माझा कल गोल डबा ठेवून झाकण बोलके करण्याकडे आहे. आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो आणि फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल असते, हा फरक आमच्याच बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत नव्हता. तेव्हा "दुधाचे आइस्क्रीम" हे शब्दही मला झाकणावर ठळक हवे आहेत.

अडचण अशी की झाकणावरच थेट छपाई करायची तर छापखाना प्रत्येक स्वादासाठी आमच्या आवाक्याबाहेरची संख्या मागतो, आणि साधे स्टिकर गारठ्यात कडेने सुटतात. भरण्यापूर्वीच कोरड्या झाकणावर लावले तरी टिकतील असे, थंडीतही धरून राहणाऱ्या गोंदाचे स्टिकर मुंबईत कमी संख्येत कोण करून देते? आणि झाकणच मुख्य दर्शनी भाग मानले, तर शाकाहाराचे हिरवे चिन्ह नावाशेजारी झाकणावर छापणे पुरेसे आहे, की ते बाजूवरही ठेवावे? ज्यांनी स्वतः डबे बाजारात आणले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. हापूसचा हंगाम सुरू होण्याआधी डबे हातात यायला हवेत.