सोसायटी ग्रुप : ‘इन्स्पेक्टर जनरल’च्या वाचनातून फिर्यादींचा प्रवेश गाळल्याबाबत

माई (ब-२०४) : सांस्कृतिक समितीस नमस्कार. वर्धापनदिनाच्या नाट्यवाचनाची संहिता काल रात्री ग्रुपवर आली, ती मी पूर्ण वाचली. रशियन नाटककार गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’मधील चौथ्या अंकाचा मोठा भाग, म्हणजे व्यापारी, कुलपे करणाऱ्याची बायको आणि हवालदाराची विधवा फिर्यादी घेऊन येतात तो सगळा प्रवेश, तिच्यात नाही. हा निर्णय कोणत्या बैठकीत, कोणाला विचारून झाला, ते कळावे. मागच्या वर्षीही शेवटची दहा मिनिटे अशीच परस्पर कापली गेली होती. तेव्हा मी काही बोलले नाही. या वेळी बोलणार आहे.

सचिव : माई, आपला मुद्दा पोहोचला. सभागृह रात्री ९.३० वाजता रिकामे करून द्यायचे आहे. पाचही अंक पूर्ण वाचल्यास ते शक्य नाही, हे कृपया सर्वांनी लक्षात घ्यावे.

ताई (क-३०३, समिती) : माईंना आदरपूर्वक सांगते, की कथानक कुठे तुटणार नाही याची समितीने काळजी घेतली आहे. पीटर्सबर्गचा एक फुटकळ कारकून, ख्लेस्ताकोव, पत्त्यांत पैसे हरून आडगावच्या खाणावळीत उधारीवर अडकून पडतो. गावातले अधिकारी त्यालाच राजधानीहून गुपचूप आलेला तपासनीस समजून त्याच्यापुढे पैसे ठेवतात. नगराधिकारी त्याला आपली मुलगीही द्यायला तयार होतो. आणि तो पसार झाल्यावर पोस्टमास्तरने फोडलेल्या पत्रातून खरे काय ते बाहेर पडते. हे सगळे संहितेत आहे. फिर्यादींच्या प्रवेशाने गोष्ट एक पाऊलही पुढे जात नाही, म्हणून तो वगळला.

माई (ब-२०४) : गोष्ट पुढे जात नाही हे मला मान्य आहे. पण त्या प्रवेशापर्यंत आपण काय पाहत असतो, याचा विचार व्हावा. न्यायाधीश लाच म्हणून शिकारी कुत्र्यांची पिल्ले घेतो, न्यायालयाच्या दालनात शिपाई बदके पाळतो, रुग्णालयाचा व्यवस्थापक झेम्ल्यानिका म्हणतो की साध्या माणसाला मरायचे असेल तर तो तसाही मरेल आणि बरे व्हायचे असेल तर तसाही बरा होईल. प्रेक्षक यावर हसतो, कारण ज्याचे नुकसान झाले तो अजून रंगमंचावर आलेलाच नसतो. चौथ्या अंकात तो येतो. कुलपे करणाऱ्याची बायको पश्ल्योपकिना सांगते, की सैन्यभरतीची पाळी शिंप्याच्या मुलाची होती; त्याच्या आईबापांनी भेट पाठवली. मग एका व्यापारिणीच्या मुलावर आले. तिने नगराधिकाऱ्याच्या बायकोला कापडाचे तीन तागे पाठवले. शेवटी विवाहित माणसाला नेऊ नये असा कायदा असतानाही हिच्या नवऱ्याला उचलून नेले. गावात खाल्लेला पैसा कोणाच्या घरातून गेला, हे साऱ्या नाटकात इतके स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. ते काढले, तर उरतो तो केवळ एकाला दुसरा समजण्याचा घोटाळा.

नाना (अ-१०२) : माईंचे म्हणणे योग्य असले, तरी मुळात अनुवाद कशाला वाचायचा? पु. लं.नी याच नाटकावरून ‘अंमलदार’ लिहिले आहे. आपल्या लोकांना ते जवळचे वाटेल. शिवाय १९५० साली चेतन आनंद यांनी याच नाटकावर ‘अफसर’ हा चित्रपट काढला, तो नवकेतनचा पहिलाच चित्रपट होता आणि त्यात देव आनंद व सुरैया होते.

ताई (क-३०३, समिती) : नाना, ‘अंमलदार’चा विषय बैठकीत झाला होता. त्या बैठकीला आपण नव्हता.

नाना (अ-१०२) : बैठकीची सूचना मला दुपारी मिळाली आणि बैठक संध्याकाळी होती. असो.

अण्णा (अ-५०१) : माझे आयुष्य सरकारी नोकरीत गेले आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो. या नाटकात एकही प्रामाणिक अधिकारी नाही. न्याय, शिक्षण, टपाल, आरोग्य, पोलीस अशी सगळी खाती लेखकाने एका माळेत ओवून सगळीच कुजकी ठरवली आहेत. शाळांचा अधिकारी ख्लोपोव तर बिचारा केवळ भित्रा आहे. असे एकतर्फी चित्र आपण लहान मुलांसमोर का वाचावे? प्रवेश ठेवायचा की गाळायचा यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

माई (ब-२०४) : अण्णा, हा आक्षेप नाटकाइतकाच जुना आहे. १८३६च्या वसंतात पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हाही कर्त्या लोकांनी हेच म्हटले, की यात एक तरी सज्जन हवा होता. गोगोलने एका संवादरूपी लेखनात त्याला उत्तर दिले आहे : नाटकभर एक प्रामाणिक पात्र वावरत होते आणि ते म्हणजे हसू. गंमत म्हणजे त्या प्रयोगाला सम्राट पहिला निकोलाय स्वतः हजर होता आणि मनापासून हसला. सगळ्यांना मिळाले आणि मला सर्वांत जास्त मिळाले, असे तो म्हणाल्याचे सांगतात. ज्याच्या राज्यात हे चालले होते तो ऐकून घेतो, तर आपल्या मुलांनी का ऐकू नये?

अण्णा (अ-५०१) : सम्राट हसला, पण त्याच्या राज्यात त्यामुळे काही बदलले काय? आणि गोगोललाही पुढे ही एकांगी टीका पटेनाशी झाली होती, हे आपण सोयीस्करपणे वगळता. १८४६ साली त्याने स्वतःच उकल लिहिली, की हे गाव म्हणजे माणसाचे मन, हे लुटारू अधिकारी म्हणजे आपले विकार, आणि शेवटी येणारा खरा तपासनीस म्हणजे जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी. वाचनाआधी ही उकल निवेदनात सांगावी, म्हणजे कोणाच्याही व्यवसायाचा अवमान होणार नाही.

सचिव : पुन्हा एकदा नम्र आठवण. सभागृह ९.३० वाजता रिकामे करायचे आहे. निवेदन वाढवल्यास वेळही वाढेल.

माई (ब-२०४) : उकल लिहिली हे खरे आहे, पण ती वाचून मिखाईल श्चेपकिनने गोगोलला काय कळवले, तेही सांगायला हवे. श्चेपकिन जन्माने भूदास होता आणि १८३६ साली मॉस्कोच्या माली नाट्यगृहात नगराधिकाऱ्याची भूमिका त्यानेच केली होती. त्याने कळवले की ही माणसे माझ्यासाठी खरीखुरी, जिवंत माणसे आहेत. ती अधिकारी नसून विकार आहेत असे मला सुचवू नका. माझ्या पश्चात हवे तर त्यांचे बोकड करा. ज्या नटाने आयुष्याचा पहिला भाग दुसऱ्याच्या मालकीत काढला, त्याला नगराधिकारी हा विकार वाटत नव्हता. मी श्चेपकिनच्या बाजूची आहे.

दादा (क-१०१) : थोडे वेगळे लिहितो. बॉबचिन्स्की आणि डॉबचिन्स्की ही एकाच वेळी बोलणारी, एकमेकांचे वाक्य तोडणारी जोडी आपल्या अ इमारतीत तयारच आहे. तालमीचीसुद्धा गरज पडणार नाही.

नाना (अ-१०२) : हा टोमणा कोणाला आहे, हे न समजण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

दादा (क-१०१) : नाना, मी कोणाचेही नाव घेतलेले नाही. उलट बॉबचिन्स्की मला नाटकातला सर्वांत हळवा माणूस वाटतो. अधिकारी ख्लेस्ताकोवच्या खोलीत आपापली कातडी वाचवायला जातात. हा मात्र वेगळेच मागतो. पीटर्सबर्गला गेलात की तिथल्या बड्या लोकांना आणि जमल्यास सम्राटांनाही सांगा, की अमुक गावात प्योत्र इव्हानोविच बॉबचिन्स्की राहतो. एवढेच त्याचे मागणे आहे.

नाना (अ-१०२) : ते वाक्य सुंदर आहे, यात शंका नाही. ती भूमिका मी वाचीन.

डॉक्टर (ब-४०१) : माझा एक वेगळा मुद्दा आहे. फिर्यादींमध्ये व्यापाऱ्यांना आपण गरीब गायींसारखे दाखवू नये. नगराधिकारी त्यांचे दुकान लुटतो हे खरे : संत अंतोनच्या दिवशी, म्हणजे आपल्या नावाच्या दिवशी, भेटी घेतो आणि ओनुफ्रीच्या दिवशीही माझाच सण आहे म्हणून पुन्हा घेतो. सात वर्षे पिंपात पडलेले, दुकानातला नोकरही तोंडात घालणार नाही असे सुके आलुबुखारसुद्धा तो मूठभर उचलतो. पण पाचव्या अंकात त्याच व्यापाऱ्यांतल्या एकाला तो विचारतो, की पूल बांधताना शंभर रुबलांचेही लाकूड नसताना वीस हजारांचे लिहिलेस, तेव्हा तुला मदत कोणी केली? म्हणजे तक्रार घेऊन आलेला माणूसही त्या साखळीतलाच आहे. अण्णा म्हणतात तसे केवळ अधिकाऱ्यांवर हे नाटक नाही.

माई (ब-२०४) : डॉक्टरांनी फार मोलाचे लिहिले. पहिल्या अंकात नगराधिकारी एका पोलिसाला झापतो, तेही यासोबत वाचावे. चेर्न्यायेव नावाच्या व्यापाऱ्याने त्या पोलिसाला गणवेशासाठी दोन हात कापड दिले आणि याने अख्खा तागाच लांबवला. नगराधिकारी त्याला सांगतो की हुद्द्याच्या मानाने तू जास्त घेतोस. घेणे हा गुन्हाच नाही. पायरी सोडून घेणे हा गुन्हा. पीटर द ग्रेटने १७२२ साली चाकरीच्या चौदा श्रेणी ठरवल्या आणि लाचेनेही त्याच श्रेणी पाळल्या. ख्लेस्ताकोव त्यातल्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर आहे, आणि अख्खे गाव त्याच्यापुढे तलवार सावरून उभे राहते.

दादा (क-१०१) : माझी सूचना अशी, की शेवटी राजाज्ञेने आलेला खरा तपासनीस एका छोट्या प्रवेशात दाखवून दोषींना शिक्षा सांगावी. मुलांपुढे योग्य संदेश जाईल आणि अण्णांचेही समाधान होईल.

माई (ब-२०४) : हा प्रयोग १८३६ सालीच झाला आहे. प्रिन्स त्सित्सियानोव याने ‘खरा तपासनीस’ नावाचे पुढचे नाटक लिहून पीटर्सबर्गच्या रंगमंचावर आणले, त्यात सचोटीचा अधिकारी येऊन सगळ्यांचा निकाल लावतो. ते चालले नाही. गोगोलने खऱ्या तपासनिसाला एक वाक्यही दिलेले नाही. तो आल्याची वर्दी शिपाई देतो आणि सगळे जागच्या जागी थिजतात. तो प्रामाणिक असेल की त्याच्यासाठीही पाकिटे निघतील, हे प्रेक्षकाने ठरवायचे आहे.

अण्णा (अ-५०१) : मी ठरवले आहे. तो प्रामाणिक असतो. असे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांनी काय सोसले तेही पाहिले आहे. त्यांच्यावर कोणी नाटक लिहीत नाही, याचे मला दुःख आहे.

माई (ब-२०४) : अण्णा, हे दुःख मी समजू शकते आणि त्याचा आदर करते. पण हवालदाराच्या विधवेला विसरू नका. बाजारात बायकांचे भांडण झाले, पोलीस उशिरा पोहोचले आणि हाती लागली तिला फटके मारले; दोन दिवस तिला बसता आले नाही. नंतर नगराधिकारी ख्लेस्ताकोवला सांगतो, की तिने स्वतःच स्वतःला फटके मारून घेतले. आपण तिला संहितेतून काढले, तर हे वाक्य कोणाबद्दल आहे तेच श्रोत्यांना कळणार नाही. आणि ख्लेस्ताकोव तरी काय करतो? सुरुवातीला अर्ज घेतो, व्यापाऱ्यांना मी लाच घेत नाही असे बजावून उसने म्हणून पाचशे रुबल घेतो, आणि खिडकीतून अर्ज धरलेले हात आत येऊ लागल्यावर कंटाळून सर्वांना हाकलायला लावतो. न्यायाधीशाकडून तीनशे, पोस्टमास्तरकडून तीनशे, झेम्ल्यानिकाकडून चारशे घेऊन झाल्यावर त्याला गरिबांच्या कागदांत रस उरत नाही.

सचिव : सर्वांना विनंती, की सभागृह ९.३० वाजता रिकामे करायचे आहे. प्रवेश परत घ्यायचा असल्यास बदल्यात काय कमी करायचे, हे माईंनीच सुचवावे.

माई (ब-२०४) : जरूर. पाचव्या अंकात पाहुण्यांची एकामागून एक अभिनंदने होतात, ती दोन वाक्यांवर आणावीत. ख्लेस्ताकोव आधी मुलीपुढे आणि मग तिच्या आईपुढे गुडघे टेकतो, तो भागही निम्मा करता येईल. मात्र तिसऱ्या अंकातली त्याची फुशारकी, पॅरिसहून बोटीने पातेल्यात आलेले सूप, सातशे रुबलांचे कलिंगड आणि पस्तीस हजार निरोपे, यांना हात लावू नये. शेवटच्या मूक दृश्यासाठी गोगोलने जवळजवळ दीड मिनिट सांगितले आहे, तेही पूर्ण ठेवावे.

सचिव : दीड मिनिट कोणी काहीच वाचायचे नाही? ते अर्ध्या मिनिटावर आणता येईल.

माई (ब-२०४) : आणता येणार नाही.

ताई (क-३०३, समिती) : समितीच्या वतीने कळवते, की माईंनी सुचवलेली काटछाट स्वीकारून फिर्यादींचा प्रवेश परत घेत आहोत. सुधारित संहिता रविवारपर्यंत ग्रुपवर येईल. व्यापाऱ्यांसाठी तीन आवाज हवे आहेत, इच्छुकांनी मला वेगळा संदेश पाठवावा. पश्ल्योपकिना माईंनी वाचावी, अशी विनंती. निवेदनात उकलही नसेल आणि तिच्यावरचे उत्तरही नसेल.

माई (ब-२०४) : पश्ल्योपकिना मी वाचते. तिचे शिव्याशाप लांबलचक आहेत, त्यांतला एकही शब्द कमी करू नये.

अण्णा (अ-५०१) : मी श्रोत्यांत उपस्थित राहीन. माझी हरकत इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.

सचिव : नोंदवली आहे. वाचन ७ वाजता वेळेवर सुरू होईल.