प्रतिसाद : लायडी २५ आणि विंडोज ११

विंडोज ११ वर कॅननचा लायडी २५ हा जुना स्कॅनर कसा चालवायचा, हा प्रश्न आहे. त्याला ६४-बिटचा ड्रायव्हर (विंडोजला स्कॅनर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) नाही आणि विंडोज ११ ६४-बिटच असते, घोडं तिथेच अडलंय. इथे सुचवलेली युक्ती, म्हणजे लायडी ६० या दुसऱ्या मॉडेलच्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या मॉडेलसाठी आहे ते सांगणारी) बदलून वापरणे, चालते असं बरेच जण सांगतात. पण फाइलला हात लावला की ड्रायव्हरची डिजिटल सही (तो मूळचाच असल्याची खूण) तुटते, मग विंडोजची ही सही तपासणी बंद करून मशीन सुरू करा... एवढा खटाटोप कशाला?

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन बूट (सुरू) करा. त्यातल्या 'सेन' या स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लसटेक नावाचा बॅकएंड (ड्रायव्हरसारखा भाग) आहे, तो या मॉडेलला ओळखतो. मेनूतून 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडायचं, बस. फक्त स्कॅन केलेल्या फाइली बंद करण्याआधी हार्डडिस्कवर टाका, नाहीतर सगळं मुसळ केरात!

तरीही स्कॅनर चालला नाही, तर आधी तो उलटा करून खालचं लॉक बघा. सरकपट्टी कुलपाच्या खुणेवर असेल तर आतली पट्टी हलतच नाही. आणि यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून) जोडू नका. याला वेगळा अ‍ॅडॅप्टर नसतो, सगळी वीज यूएसबीतूनच घेतो, त्यामुळे सीपीयूच्या मागच्या पोर्टला थेट लावा.

जुन्या कागदपत्रांना ३०० डीपीआय (स्कॅन किती बारीक व्हावं त्याचं माप) पुरतं. १२०० ला लावलंत तर एका पानात चहा होईल.